साहेबाचा नंदीध्वज

भरडखाडी विमानतळ
ता. २० सप्टेंबर १९३९

सौ. जगदेवी,

सुखरूप पोचलो, एवढं तुझ्या अप्पांना मोठ्यानं वाचून दाखव. पुढचं मनात वाच.

मुंबईहून आगबोटीनं आलो. बोटीत मी जे ओकलो त्यात आपल्या लग्नातलं जेवणसुद्धा असावं. समुद्र जन्मात पहिल्यांदा पाहिला. आपल्या सोलापुरात उन्हाळाभर घागरीला घागर लावून नळावर भांडणं होतात आणि इथं एवढं पाणी नुसतं पडून आहे. त्यातलं ओंजळभरही पिता येत नाही. बहुतेक तेही सरकारी असावं.

विमानतळ म्हणजे खाडीच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड, थोडे तंबू, एक झेंडा आणि दोन विमानं. ही विमानं जमिनीवर उतरत नाहीत, पाण्यावर उतरतात. चाकांच्या जागी त्यांच्या पायांना दोन लांबट होड्या आहेत. दोहोंपैकी एक उडतं. दुसऱ्याचे भाग काढून पहिल्याला लावायचे, असं चालतं. लढाई विलायतेकडे आहे, पण जर्मनांची पाणबुडी वाट चुकून भरडखाडीत शिरलीच तर ती कुणाला तरी दिसावी म्हणून आम्ही इथं बसलो आहोत.

आता माझं काम. भरतीच्या बाबूनं सोलापुरात विचारलं होतं, काय येतं? मी म्हणालो, मिलमध्ये कुणी गैरहजर राहिला की त्याच्या जागी बदलीवर जायचो, हल्ली बदलीही मिळत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज पेलतो. तो बाबू परगावचा. त्याला वाटलं असावं, नंदीध्वज म्हणजे कसली तरी हमाली. त्यानं लिहून घेतलं, ‘ओझी उचलण्याचा सराव.’ तर ते ओझं म्हणजे साहेब. विमान खाडीत थांबतं तिथून कोरड्या वाळूपर्यंत कमरेभर पाणी आणि चिखल. साहेबांचे बूट भिजायचे नाहीत. म्हणून आम्ही आठ गडी छातीपर्यंत रबरी विजार चढवून पाण्यात शिरतो आणि एकेका साहेबाला पाठुंगळी घेऊन काठावर आणतो. उडायच्या वेळी तसंच परत नेऊन बसवतो. उरलेल्या वेळात विमानाच्या होड्यांना चिकटलेले शिंपले खरवडतो. काम हेच आणि एवढंच.

पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. आमचा म्होरक्या मकदूम तांडेल, जन्म दर्यावर गेलेला माणूस. तो म्हणाला, “सायबाला पाठीवर घे.” पण तू मला ओळखतेस. भार समोर आला की माझे हात एकाच रीतीनं जातात. दसऱ्यानंतर इथंच एखाद्या वाशावर सराव करावा म्हणून नंदीध्वजाचा चामडी पट्टा मी घरून आणलेला, तो कमरेला होता. कप्तान साहेब विमानाच्या होडीवर उभा. मी त्याचे बूट पट्ट्याच्या खोबणीत घेतले, गुडघे छातीशी आवळले आणि त्याला उभाच्या उभा उचलला. पहिलं पाऊल टाकताना तोंडातून आपोआप निघालं, “एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र.” दरवर्षी नंदीध्वजाची ती उंच काठी उचलताना निघतं तसंच.

मला वाटलं, नोकरी गेली. पण इतर साहेब पाठीवर लोंबकळत आले, कुणाचा बूट भिजला, कुणाची विजार. हा एकटा निशाणासारखा ताठ उभा काठाला लागला. उतरला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, “व्हेरी गुड.”

इथं लग्न झालेल्या गड्यांना एकेक खोली देतात. वैशाखात आपलं लग्न झालं आणि श्रावणात तुला माहेरी नेलं ती नेलीच. तुझे अप्पा म्हणाले होते, जावयाला चारचौघांत सांगण्याजोगं काम लागलं की मुलगी नांदायला पाठवीन. हे काम तसं आहे का, ते तूच बघ. मला इथं पाण्याची भीती वाटते, आणि तुझ्यावाचून करमत नाही.

तुझा
ईश्वरप्पा


सोलापूर
ता. १ ऑक्टोबर १९३९

अहो,

मनात वाच म्हणता, पण आमच्या घरात मनात वाचायला जागा कुठं आहे? अप्पांच्या मते जावयानं मुलीला धाडलेलं पत्र बापानं फोडणं असभ्यपणाचं. म्हणून ते पत्र माझ्या हाती देतात, दुकानाच्या ओट्यावर चार गिऱ्हाइकं बसवतात आणि मोठ्यानं वाचायला लावतात.

मी काय वाचणार? वाचलं, “माझ्यावाचून साहेब विमानातून उतरत नाहीत. उडायच्या वेळी मीच त्यांना आत बसवतो. कप्तान साहेब माझ्यावर खूश आहेत.” यात खोटं एक अक्षर नाही. पुढचं ओट्यानंच रचलं. संध्याकाळपर्यंत चाटी गल्लीभर झालं होतं की रंगवाल्या रेवणसिद्धप्पांचा जावई विमान चालवतो. अप्पा रात्री जेवताना अव्वाला म्हणाले, “म्या म्हणलं न्हवतं का, पोरात पानी हाय म्हणून?” मी तोंडात घास धरून बसले. गप्प बसण्याचं पाप तेवढं माझं.

इथं लढाई जोरात आहे. बातमी आली त्या दिवशी अप्पांनी आधी देवापुढं नारळ फोडला आणि मग जर्मन रंगाचे सगळे डबे पोटमाळ्यावर चढवले. आता गिऱ्हाइकाला “जर्मन माल कुठला मिळायला” म्हणताना त्यांचा गळा दाटून येतो. कासीमचाचा रंगारी रोज येऊन ओट्यावर बसतात आणि पोटमाळ्याच्या शिडीकडे बघत राहतात. गावात लुगड्यांचा लाल रंग फिका पडत चाललाय, आणि अप्पांच्या तोंडावर तेवढाच तजेला आलाय.

तुमच्या कामाची मला लाज वाटली नाही. साहेब पडला असता तर वाटली असती. पण अप्पांना खरं सांगितलं तर मी पुढच्या वैशाखातही इथंच असेन. थोडे दिवस असंच चालू द्या.

तुमची
जगदेवी


भरडखाडी
ता. १२ ऑक्टोबर १९३९

सौ. जगदेवी,

तू वाचतेस त्यात अक्षर खोटं नसेल, पण माणूस खोटा होतोय, आणि तो माणूस मी आहे. उद्या कुणी विचारलं, विमानाचा कान कुठला पिळतात, तर मी काय सांगू? अप्पांना खरं सांगून टाक. ओरडतील आणि गप्प होतील.

इथं मात्र माझ्या घोटाळ्यानं घर केलं आहे. त्या दिवसापासून कप्तान साहेब पाठीवर बसायला तयार नाही. त्याला उभंच न्यावं लागतं. ते बघून बाकीच्या साहेबांनाही उभं राहावंसं वाटू लागलं, कारण एकानं ताठ जायचं आणि दुसऱ्यानं पोत्यासारखं, हे त्यांच्या पायरीत बसत नाही. मकदूम तांडेलानं गड्यांना माझ्या हाताखाली शिकायला लावलं. आणि मी हर्र म्हटलं की तेही हर्र म्हणतात. म्हटल्यावर पावलं बरोबर पडतात, असं मकदूमचंच मत. तो पाच वेळा नमाज पढणारा माणूस, पण चिखलात त्याचा हर्र सगळ्यांत खणखणीत.

कप्तान साहेबानं हेडक्लार्कला विचारलं, हा शब्द काय आहे? हेडक्लार्क पुण्याकडचे बी.ए. झालेले. देवाचं नाव आहे म्हटलं तर साहेब बंद करील आणि गडी बिथरतील, म्हणून त्यांनी सांगितलं की हा या किनाऱ्यावरच्या खलाशांचा पुरातन शब्द आहे. साहेबानं फळ्यावर लेखी हुकूम लावला. अधिकाऱ्यास उचलते वेळी सर्व गड्यांनी एकसमयावच्छेदेकरून ‘हर्र’ म्हणावे, अर्थ ‘सावकाश’. मी न म्हटल्यास आता माझा पगार कापला जाईल.

परवा टेहळणीवरच्या शिपायानं पाणबुडी दिसली म्हणून शिट्टी फुंकली. विमान उडालं, गोल फिरलं आणि परत आलं. तो मासा होता. तरी वर कळवलंय की पाणबुडी आमच्या भीतीनं माशांत मिसळली.

बाकी सगळं बरं आहे. जमल्यास

(येथे कागद कात्रीने कापलेला आहे.)

एवढं विसरू नकोस. ते आलं की मला निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटेल.

तुझा
ईश्वरप्पा


सोलापूर
ता. २७ ऑक्टोबर १९३९

अहो,

मी खरं सांगणार होते. दसऱ्याच्या दिवशी अप्पांच्या पाया पडताना सांगायचं, असं ठरवूनही ठेवलं होतं. पण आदल्या दिवशी तुमचं ते कापलेलं पत्र आलं.

अप्पांनी कागद उजेडासमोर धरला. मधोमध खिडकीएवढं भोक. मग माजी हवालदार ईरण्णा म्हणाले, “कापलंय म्हंजी तितं गुपित हुतं.” आणि खाली तुम्ही लिहिलेलं, ‘ते आलं की निम्मी लढाई जिंकल्यासारखं.’ झालं. जावयाला नवं काही तरी जबरदस्त हत्यार मिळणार, हे ओट्यानं ठरवून टाकलं. त्या भोकानं तुमची किंमत जितकी वाढवली तितकी माझ्या वाचण्यानंही वाढवली नव्हती. अप्पांनी ते पत्र काचेच्या चौकटीत घालून गल्ल्याच्या वर लावलंय. मधून भिंत दिसते.

दसऱ्याला सोनं द्यायला कधी न येणारी माणसं आली. अप्पांना गावातल्या युद्धसाहाय्य समितीवर घेतलं. समितीनं अजून कुणाला साहाय्य केलेलं नाही, पण फोटो निघाला. आणि आता ऐका. या समितीच्या मनात आलंय की जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला तुमचं विमान सिद्धेश्वराच्या तळ्यात उतरवायचं. दोन तास चर्चा झाली म्हणे. एक जण म्हणाले, तळ्यातल्या माशांचं काय? दुसरे म्हणाले, विमान आधी देवळाला प्रदक्षिणा घालील का? तिसऱ्यांना काळजी, की उतरताना नंदीध्वजांपेक्षा उंच राहिलं तर मान कुणाचा? तळं विमानाला पुरेल का, हे कुणीच विचारलं नाही. अर्ज लिहून घेणं चालू आहे.

नंदीध्वजाचा सराव दसऱ्यापासून सुरू झाला. तुमच्या जागी सध्या तुमचा चुलतभाऊ बिरदेव उभा राहतो. मी देवळात जाताना पाहिलं. काठी त्याच्या कमरेवर डुलते. तुमची कधी डुलत नव्हती.

दिवाळी जवळ आली. पहिला दिवाळसण आहे. तुम्ही या, मग आपण दोघं मिळून अप्पांना सांगू. एकटीनं आता मला होत नाही.

तुमची
जगदेवी


भरडखाडी
ता. ५ नोव्हेंबर १९३९

जगदेवी,

रजा नाही. या महिन्यात मोठे साहेब तपासणीला येणार आहेत आणि कप्तान साहेब म्हणतो, मला धाडलं तर त्याला काठावर कोण आणील?

कापलेल्या जागी मी लिहिलं होतं की शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवून दे, इथं रोज मासे आणि भात. मी खात नाही ते, तुला माहीत आहे. टपाल तपासणाऱ्या कात्रीवाल्या साहेबाला मराठी येत नाही. जिथं ओळ लांब दिसेल तिथं तो कात्री लावतो. ती चौकट आजच्या आज खाली उतरव.

तो अर्ज थांबव. कसंही करून थांबव. उडणाऱ्या विमानाचा पंखा परवा तुटला आणि न उडणाऱ्याचा त्याला बसत नाही. सिद्धेश्वराच्या तळ्यात उतरायचं सोड, भरडखाडीतून उडायची मारामार आहे.

ईश्वरप्पा


सोलापूर
ता. १७ नोव्हेंबर १९३९

अहो,

हे पत्र वेळेवर मिळो, एवढंच मागते.

दिवाळसण जावयावाचून झाला. अप्पांनी तुमच्या पाटावर चौकटीतलं पत्र ठेवलं आणि त्याला ओवाळायला लावलं. मी भोकाला ओवाळलं.

त्या रात्री मी अव्वाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “येवढंच व्हय? उचलतो तर उचलतो. तुझ्या बापाला जन्मभर म्याच उचललंय.” पण अप्पांना सांगायचं धैर्य तिलाही झालं नाही. आणि काल सकाळी अप्पा फेटा बांधून, समितीचा अर्ज कोटाच्या खिशात घालून उभे. म्हणाले, अर्ज टपालानं धाडला की साहेब फेकून देतो, स्वतः जाऊन जावयामार्फत द्यायचा. शेंगाच्या चटणीचा डबा माझ्याच हातानं बांधून घेतला. रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले, तिथून आगबोटीनं तुमच्याकडे.

मी स्टेशनापर्यंत गेले होते. गाडी हलताना म्हटलं, “अप्पा, ते विमान चालवत नाहीत.” इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नाही. का ऐकू आलं आणि त्यांनी ऐकलं नाही, कोण जाणे. त्यांनी खिडकीतून हात केला, तो पुढाऱ्यासारखा.

आता ते तुम्हाला चिखलात बघतील. मला नांदायला पाठवण्याचं नाव काढणार नाहीत, आणि दोष सगळा माझा. तुम्ही रागवा, पण त्यांच्यापुढं मान खाली घालू नका.

जगदेवी


भरडखाडी
ता. २६ नोव्हेंबर १९३९

जगदेवी,

तुझं पत्र आणि तुझे अप्पा एकाच आगबोटीनं आले. पत्र मला दुपारी मिळालं. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

त्याच दिवशी मोठ्या साहेबांची तपासणी. आठवडाभर तळ उलटासुलटा चालला होता. दगडांना चुना लावला, वाळू झाडली. खाडीतल्या चिखलाचं काय करायचं यावर साहेब लोकांची सभा बसली आणि असं ठरलं की चिखल ओहोटीला दिसतो, तेव्हा तपासणी भरतीला ठेवावी. मोठे साहेब आपल्या सोयीनं ओहोटीला आले.

त्यांचं विमान खाडीत थांबलं. मी पट्टा आवळला. मोठे साहेब अंगानं नंदीध्वजाला भारी, पण काठीइतके सरळ नाहीत, पोट पुढं. तरी घेतले. माझ्यामागं सात गडी, काठावर शिपायांची रांग आणि लेखी हुकुमाप्रमाणे सगळ्यांचा एका सुरात गजर, “हर्र बोला हर्र.”

आगबोटीवरची माणसं घेऊन आलेला पडाव तिथंच बाजूला चिखलात रुतून उभा होता. त्यात पांढरा कोट, जरीचा फेटा, मांडीवर डबा. बोटीनं तुझ्या अप्पांची दशा केली होती, डोळे मिटून बसले होते. गजर कानावर पडला आणि त्यांनी सवयीनं डबा खाली ठेवला, पायतण काढलं, उठून उभे राहिले आणि हात जोडून डोकं लववलं. मग डोळे उघडले. नंदीध्वजाच्या जागी गोरा साहेब, आणि खाली मी.

मोठ्या साहेबांना वाटलं, हा फेटेवाला वृद्ध गृहस्थ खास स्वागताला आणून ठेवलाय. माझ्या कमरेवर उभ्या उभ्या त्यांनी अप्पांना कडक सलाम ठोकला. मी पाय रोवले म्हणून बरं, नाहीतर सलाम पाण्यात गेला असता.

साहेबांना काठावर ठेवलं आणि मकदूम म्हणाला, “तो म्हातारा राहिला पडावात. जा.” मी परत गेलो.

अप्पा पायतण चढवून फेट्याचा शेमला नीट करत होते. म्हणाले, “जावईबापू, नंदीध्वजाचा गजर सायबाला?”

मी म्हटलं, “मामा, भार घेतला की तोंडातनं येतोच की. म्या ठरवून न्हाई केलं.”

“आन् इमान?”

“इमान दुसरं सायब चालवत्यात.”

“मग तुमी काय करता?”

“हेच करतो. सायबाला हिकडून तिकडं न्यायचं. जगदेवीनं तुमाला खोटं न्हाई सांगितलं, पर समदं बी न्हाई सांगितलं. ती तुमाला भ्यायली. म्या बी भ्यायलो.”

पडावातले बाकीचे लोक मासे विकायला निघालेले, त्यांना घाई. अप्पांनी चिखलाकडं पाहिलं, आपल्या धोतराकडं पाहिलं. “आता म्या तिकडं जायाचं कसं?”

“एक तर भरती येस्तोवर हितंच बसा, न्हाईतर मी नेतो.”

“पाठीवर?”

“समदे पाठीवरच जात्यात.”

“त्यो सायब उभा गेला की. म्या काय गठुळं हाय व्हय?”

मी त्यांचे पाय पट्ट्यात घेतले. त्यांच्या एका हाती चटणीचा डबा, दुसऱ्या हातानं माझं डोकं घट्ट धरलेलं. मी मुकाट्यानं चालू लागलो. निम्म्या वाटेत अप्पा वरून म्हणाले, “तोंड का मिटलंय?”

“तुमीच रागावला, मामा.”

“सायबाला कशापायी म्हणता, असं म्हणलो मी. मला नगं म्हणलो का? माझं काय त्या सायबापरीस कमी हाय?”

मग मी मोठ्यानं म्हटलं. मकदूमनं उचलून धरलं, सातही गड्यांनी म्हटलं. शिपायांना वाटलं आणखी कुणी मोठा माणूस आला, त्यांनी बंदुका खांद्याला लावल्या. अप्पांचा हात माझ्या डोक्यावर सैल झाला. हळू आवाजात म्हणाले, “हलत न्हाईस की रं तू.” मला ते नेहमी अहोजाहो करतात. मग म्हणाले, “गड्ड्यात तुझी काठी हलत न्हाई, त्येवढं बघूनच पोरगी दिली हुती म्या. मधीच मिलची बेकारी आडवी आली.” माझे डोळे भरले होते आणि हात दोन्ही अडकलेले.

समितीचा अर्ज त्यांनी खिशातून काढलाच नाही. खोली पाहिली. खिडकी समुद्राकडं आहे हे त्यांना आवडलं नाही. मोठे साहेब खूश होऊन गेले. कप्तान साहेबानं मला गड्ड्यासाठी रजा दिली, अट एवढीच की येताना माझ्यासारखे आणखी चौघे आणायचे.

अप्पा कालच्या बोटीनं निघाले. तुझ्याबद्दल हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तिथं पोचल्यावर काय बोलतात ते मला लगेच कळव. मी रोज टपालाची वाट बघतोय.

ईश्वरप्पा


सोलापूर
ता. ६ डिसेंबर १९३९

अहो,

अप्पा आले ते सरळ ओट्यावर. कोट न काढता बसले. गल्ली गोळा झाली. मी आत दाराला टेकून उभी.

अप्पा म्हणाले, “भर दर्यात गोऱ्या सायबानं मला सलाम केला.” मग म्हणाले, “तितल्या समद्या फौजेनं हर्र बोला हर्र म्हणत मला काठावर नेलं. माझ्या जोड्याला थेंब लागला न्हाई.” ईरण्णा हवालदारांनी विचारलं, “आन् जावई?” अप्पांनी सुपारी कातरली. “जावई तितला मुख्य. त्येनं उचलल्याबिगर तितं लाटसायबाचा बी पाय जमिनीला लागत न्हाई.”

यात खोटं एक अक्षर नाही. मी कुणाची मुलगी आहे ते मला त्या दिवशी कळलं.

तळ्याचं समितीनं विचारलं, तर अप्पा म्हणाले, तळं मी मनात मोजलं, विमानाला अपुरं आहे, आणि देवाच्या पाण्यात साहेबाचे बूट नकोत. समितीला हे दोन्ही आधीच ठाऊक होतं, असं समितीनं सांगितलं.

मला राहवलं नाही. मी ओट्यावर आले आणि चारचौघांत म्हणाले, “ते साहेबांना कमरेवर उचलून चिखलातून नेतात. तेच काम आहे त्यांचं.” सगळे पोट धरधरून हसले. रेवणसिद्धप्पांची पोरगी थट्टेखोर आहे म्हणाले. आता मी जन्मभर खरं सांगत फिरले तरी कुणी ऐकायचं नाही. एकटे कासीमचाचा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “साब का वजन कित्ता है, बेटी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पोटमाळ्यावर चढले. चौकटीतलं ते पत्र वर नेऊन ठेवलं आणि जर्मन लाल रंगाचा एक डबा खाली आणला. कासीमचाचांच्या हाती दिला आणि म्हणाले, “पोरगी नांदायला निघाली. लुगडं रंगवून द्या.” चाचांनी डब्याकडं पाहिलं, शिडीकडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं. अप्पा गल्ल्यात काही तरी शोधू लागले. तीन महिने ज्या रंगासाठी त्यांचा गळा दाटत होता तो असा निघाला. अव्वा आत जाऊन रडली. मी पण.

लुगडं आज वाळलंय. अप्पा म्हणतात, ह्यो रंग समुद्राला बी उतरायचा न्हाई. बघू.

पुढच्या गुरुवारच्या बोटीनं निघते. सोबतीला काशम्मा आत्या आहे, बिरदेव मुंबईपर्यंत येईल. आत्याला तेवढं उचलून घ्या. तिचं वजन तुम्ही आपल्या लग्नात पाहिलंय, पट्ट्याला आधी तेल लावून ठेवा.

मला उचलायचं नाही. पडाव रुतला तर रुतू दे. तुमच्या कमरेवर चढून काठाला लागलेला एकेक जण पुन्हा विमानात बसून निघून जातो. मी राहायला येते आहे. नवं लुगडं खोचून, चिखलातून, माझ्या पायांनी येईन. तुम्ही हात तेवढा द्या.

तुमची
जगदेवी